हातोड्याला बांधलेलं दावं

फार मागच्या काळी एका उंच, उघड्या माळावर एक गाव होतं. गावात देऊळ होतं, पार होता, माणसं कष्टाळू होती. नव्हतं ते फक्त पाणी. उन्हाळा लागला की बायका डोईवर घागरी घेऊन खाली दरीतल्या झऱ्यावर जात, आणि चढ चढून घरी येईपर्यंत निम्मा दिवस सरलेला असे. म्हणून एका वर्षी पाटलांनी सगळ्यांना पारावर बोलावलं आणि सांगितलं, "आपण बारव खोदू. इतकी खोल आणि इतकी पक्की, की आपल्या नातवंडांच्या नातवंडांनासुद्धा पाणी मिळेल."

गावानं होकार दिला आणि काम सुरू झालं. वरची माती मऊ होती. ती काढल्यावर काळा खडक लागला. माती आत ढासळू नये म्हणून खडकाच्या कडेपासून वर जमिनीपर्यंत दगडी भिंत चढवायची होती, आणि पाणी लागावं म्हणून खालचा खडक आणखी खोल फोडायचा होता. पावसाच्या आत दोन्ही कामं उरकायला हवी होती, म्हणून दोन्ही एकदमच सुरू ठेवली. बारवेच्या कडेनं बांबूंची परांची बांधली. तिच्या फळ्यांवर बसून गवंडी भिंत रचू लागले, आणि त्यांच्या पायांखाली, पार तळाशी, खोदणारे खडक फोडू लागले.

गवंड्यांचा मुख्य होता सटवाजी. केस पांढरे झालेले, खांदे रुंद, बोलणं मोजकं. त्यानं बसवलेल्या दोन चिऱ्यांच्या फटीत सुरीचं पातंही शिरत नसे. चार मुलखांतली देवळं आणि बुरूज त्याच्या हातचे होते. तो नेहमी म्हणायचा, "माझ्या हातून हत्यार कधी पडलं नाही." आणि ते खरं होतं. माणूस तापट होता, पण मनाचा वाईट नव्हता. हाताखालच्या गवंड्यांना आधी पाणी मिळालं की मगच तो स्वतः तांब्या तोंडाला लावायचा.

खोदणाऱ्यांचा म्होरक्या होता धुळोबा. सटवाजीनं आणि त्यानं कितीतरी कामं बरोबर केली होती. एकानं खाली पाया खणायचा, दुसऱ्यानं वर भिंत चढवायची, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं चाललं होतं. दुपारी दोघं एकाच झाडाखाली भाकरी सोडत. धुळोबाची बायको गोजा बारवेच्या काठावर बसून अंबाडीचे दोर वळायची. माती वर ओढायच्या पाट्यांना तिचेच दोर होते. तिनं वळलेला दोर तुटला असं कोणी कधी ऐकलं नव्हतं.

एका दुपारी ऊन फार कडक होतं. केरू नावाच्या गवंड्याचा हात घामानं ओला झाला होता. दगडाची कड साफ करता करता त्याच्या हातातली छिन्नी निसटली. ती फळीच्या कडेवर आपटली, उडाली आणि सरळ खाली गेली. तळाशी खडकावर तिची ठिणगी उडाली. धुळोबाच्या पावलापासून एका हातावर.

मग खालून धुळोबा हसला आणि ओरडला, "अरे केरू, मला छिन्नी नकोय रे, पाणी पाठव!"

सगळे हसले. कोणीतरी नारळ फोडला. सटवाजी मात्र हसला नाही. त्यानं केरूला सगळ्यांसमोर खडसावलं, "हत्यार पडतं ते हाताच्या दोषानं. लक्ष नसेल तर वर चढू नकोस. आजचा दिवस माती वाहा." केरू मान खाली घालून उतरला आणि पाट्या उचलू लागला.

काठावर आणखी एक माणूस हसलं नव्हतं. गोजाच्या हातातला दोर अर्धाच वळून राहिला होता. छिन्नी खाली जाताना तिनं पाहिली होती, आणि खाली कोणाचं डोकं आहे हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू व्हायच्या आधी गोजा सटवाजीकडे आली. तिच्या ओटीत आखूड दोरांची जुडी होती. बारीक, पण पक्का वळलेला एकेक दोर हातभर लांबीचा होता, आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना फास होते.

"दादा, हे पाहा," ती म्हणाली. "एक फास हातोड्याच्या दांड्याला घालायचा, दुसरा कंबरेच्या पट्ट्याला. छिन्नीला असाच, थापीला असाच. हातातून सुटलं तरी हत्यार लोंबकळत राहील. खाली जाणार नाही."

सटवाजीनं एक दोर हातात घेतला, ओढून पाहिला. दोर चांगला होता. पण त्याच्या भोवती बाकीचे गवंडी उभे होते, आणि सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

"गोजा," तो म्हणाला, "दावं गुरांना बांधतात. इथं बांधायला कोण गुरं आहेत?"

दोघेतिघे हसले. गोजा हसली नाही. "माणूस कितीही चांगला असला तरी हात घामेजतो, दादा. काल केरूचा घामेजला."

"केरूचा हात कच्चा आहे. ज्याचा हात कच्चा, त्यानं बांधावं. शिवाय दोर फळीत अडकला, बांबूत गुंतला, तर माझा माणूस तोल जाऊन पडेल. मग काय करायचं?"

"अडकणार नाही इतका आखूड करते. तुम्ही एकदा घालून तर पाहा."

पाटील जवळच उभे होते. सटवाजीनं त्यांच्याकडे पाहिलं. पाटील म्हणाले, "भिंतीचं मला काय कळतं? परांचीवर तुमचा शब्द चालतो, सटवाजी. तुम्ही म्हणाल तसं."

म्हणजे निर्णय सटवाजीनं घ्यायचा होता. त्यानं दोर गोजाच्या ओटीत परत टाकला. "ज्याला भीती वाटते त्यानं बांधावा," तो म्हणाला आणि शिडीकडे वळला.

केरूनं आधीच एक दोर उचलून कंबरेला अडकवला होता. आदल्या दिवसापासून त्याच्या डोळ्यांसमोरून ती ठिणगी हलत नव्हती, आणि दोर पाहून त्याला हायसं वाटलं होतं. पण मुख्य गवंड्याचं हे बोलणं ऐकल्यावर त्याला तो दोर सगळ्यांदेखत मिरवणं जड झालं. त्यानं तो हळूच सोडला आणि खाली ठेवला. त्या दिवशी कोणीच दोर बांधला नाही. तिथून पुढेही नाही.

गोजानं ते सगळे दोर गोळा केले आणि ती परत पाट्यांचे दोर वळायला बसली. धुळोबानं तिची समजूत काढली. "अगं, वर सटवाजीदादा आहे. त्याच्या नजरेखाली काम चाललंय. काळजी कसली करतेस?"

आता सटवाजीच्या मनात काय होतं, ते त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

गेल्या थंडीपासून त्याच्या उजव्या हाताची बोटं अधूनमधून बधिर होत होती. पहाटे उठल्यावर करंगळी आणि तिच्याजवळचं बोट आपली नाहीतच असं वाटायचं. तो शेकोटीवर हात धरायचा, तेल चोळायचा, मुठी वळायचा आणि सोडायचा. थोड्या वेळानं बोटं ताळ्यावर येत. "थंडीनं होतंय," असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं. थंडी सरली, उन्हाळा आला, तरी ते थांबलं नाही. मग त्यानं स्वतःला काही सांगणंच सोडून दिलं.

गोजानं दोर पुढे केला तेव्हा त्याला पहिल्यांदा आठवली होती ती हीच बोटं. आणि म्हणूनच तो इतक्या जोरात नाही म्हणाला होता. कंबरेला दोर बांधला की लोक विचारणार, सटवाजीला दोर कशाला? एकदा हा प्रश्न निघाला की पुढचं सगळं निघणार. देवळांची कामं, मान, पारावरची जागा. जन्मभर ज्या हातावर तो उभा होता, तो हात आता भरवशाचा राहिला नाही हे त्याला स्वतःशीसुद्धा म्हणवत नव्हतं.

एका सकाळी सगळ्यांच्या आधी तो बारवेवर आला. गोजाच्या दोरांची जुडी काठावरच्या खुंटीला टांगलेली होती. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, एक दोर काढला, हातोड्याला लावला आणि दुसरं टोक पट्ट्यात अडकवलं. हातोडा उचलून चार वेळा फिरवून पाहिला. दोर कुठे अडला नाही, ओढला गेला नाही. थोड्या वेळानं तर तो आहे हे विसरायलाही झालं.

तेवढ्यात रस्त्यावर गवंड्यांचं बोलणं ऐकू आलं. सटवाजीनं घाईघाईनं दोर काढला, खुंटीला परत लावला आणि फळीवर जाऊन बसला. माणसं आली तेव्हा तो रोजच्यासारखा दगड ठोकत होता.

पुढे काही दिवसांनी आभाळ भरून यायला लागलं. पाऊस अजून लांब होता, पण सगळ्यांनी झपाट्यानं हात चालवायला घेतले. भिंत जमिनीच्या जवळ आली होती, म्हणजे परांचीही तेवढीच उंच गेली होती. खाली खडक ओलसर लागू लागला होता. धुळोबा आणि त्याची माणसं जोरात होती. "पाणी जवळ आलंय!" खालून हाक आली की वर सगळ्यांच्या अंगात बळ यायचं.

त्या दिवशी सटवाजी एक मोठा चिरा बसवत होता. चिरा एका कोपऱ्यात अडून बसला होता. सटवाजीनं हात लांबवून त्याच्या कडेवर घाव घातला, परत घातला, आणि पुढच्या घावासाठी हात वर नेला. हात वर गेला, पण त्यात वजन नव्हतं. मूठ तशीच वळलेली होती, आणि तिच्यात हातोडा नव्हता. तो कधी सुटला हे त्याच्या बोटांना कळलंच नव्हतं.

"हटा!" तो ओरडला. "खाली हटा!"

धुळोबा वाकून दगड पाटीत भरत होता. हाक ऐकून तो मान वर करणार, एवढ्यात हातोडा त्याच्या उजव्या खांद्यावर येऊन बसला. वर ऐकू आला तो आवाज सटवाजीला जन्मभर विसरता आला नाही. धुळोबा ओरडलासुद्धा नाही. तो गुडघ्यावर बसला आणि मग आडवा झाला.

माती ओढायच्या मोठ्या पाटीत घालून त्याला वर काढलं. चारचौघांनी दोर ओढला. त्यांच्यात गोजाही होती. ती फक्त ओढत होती, आणि दोर तिच्या तळहातांत रुतत होता.

गावचा हाडवैद्य आला. त्यानं खांदा चाचपला, बांबूच्या चिपा लावून बांधला. बाहेर येऊन त्यानं पाटलांना सांगितलं, "जीव वाचेल. घाव दोन बोटं इकडे, मानेकडे बसला असता तर वाचला नसता. पण हा हात आता खांद्याच्या वर जाणार नाही. पहार उचलणं संपलं त्याचं."

संध्याकाळी सगळं गाव पारावर जमलं. लोक घाबरले होते, आणि घाबरलेली माणसं कारण शोधत होती. एक म्हातारा म्हणाला, "मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. इतकी खोल विहीर रक्त घेतल्याशिवाय पाणी देत नाही. तिनं आपला वाटा घेतला."

"खरं आहे," दुसरा म्हणाला. "सटवाजीच्या हातून कधी हत्यार पडलंय का? त्याच्या हातून पडलं, म्हणजे पाडणारं कोणी वेगळंच असणार."

केरू हळू आवाजात म्हणाला, "दांडाही ओला असेल. सकाळी दव पडलं होतं."

पाटलांनी मान हलवली. "उद्या बारवेवर बोकड देऊ. शांत करू तिला. आणि मग कामाला लागू."

सटवाजी पाराच्या कडेला बसला होता. त्याला काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. सगळं गाव आपणहून त्याच्यावर पांघरूण घालत होतं. उद्या बोकड कापला जाईल, परवा तो परांचीवर चढेल, आणि त्याचं नाव होतं तिथंच राहील. त्यानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग पाराच्या पलीकडे, बायकांच्यात उभ्या असलेल्या गोजाकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच पाहत होती.

तो उठून उभा राहिला.

"बारवेनं काही मागितलं नाही," तो म्हणाला. "दांडा ओला नव्हता. दवही नव्हतं. हातोडा माझ्या हातातून सुटला."

"अहो, पण..." पाटील काही बोलू लागले.

"ऐकून घ्या. माझी ही बोटं थंडीपासून बधिर होताहेत. मला माहीत होतं. कोणाला सांगितलं नाही. गोजानं दोर आणून दिला तेव्हा मी तिची थट्टा केली, कारण दोर बांधला असता तर तुम्हाला कळलं असतं. केरूनं बांधलेला दोर माझ्या बोलण्यानं सुटला. बाकीच्यांनी बांधला नाही, तोही माझ्यामुळे. हातभर दोर होता. माझ्या डोक्यावर, काठावरच्या खुंटीला लटकत होता. आणि धुळोबाचा हात गेला."

सटवाजी खाली बसला नाही. तो पारावरून उतरला आणि धुळोबाच्या घराकडे चालू लागला.

धुळोबा खाटेवर पडला होता. चेहरा राखेसारखा झाला होता, पण शुद्ध होती. सटवाजी खाटेजवळ जमिनीवर बसला.

"धुळोबा," तो म्हणाला, "मी गुन्हेगार आहे तुझा."

धुळोबानं डोळे उघडले. "दादा, तुला एक सांगतो. इतर गवंडी वर असले की मी दगड भरताना मधेच वर नजर टाकायचो. सवयच होती माझी. पण माझ्या डोक्यावरच्या फळीवर तू असलास की मी वर बघायचो नाही." तो थोडा थांबला, त्याला दम लागत होता. "आज वर तूच होतास. म्हणून बघितलं नाही."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सटवाजीला सोपं गेलं असतं. त्यानं खाटेच्या पायाला कपाळ टेकवलं आणि तो लहान पोरासारखा रडला.

गोजा दारात येऊन उभी राहिली होती. सटवाजी डोळे पुसून उठला, तिच्यासमोर गेला. "गोजा, ते दोर मला दे. आणि आणखी वळून दे. जेवढी हत्यारं आहेत तेवढे दोर लागतील."

गोजानं त्याच्याकडे पाहिलं. तिचे तळहात चिंध्यांनी बांधलेले होते. "दोर देते," ती म्हणाली. "पण दादा, तुमच्यासाठी देत नाही. खाली अजून माणसं आहेत. त्यांच्या घरीही कोणीतरी वाट बघतं."

"कळलं," सटवाजी म्हणाला. "तेच बरोबर आहे."

बोकड कापला गेला नाही. पाटलांनी तो बेत सोडून दिला आणि गोजाला ताज्या अंबाडीच्या पेंढ्या पाठवल्या. काम चार दिवस बंद राहिलं. गोजा दोर वळत होती, शेजारच्या बायका हातभार लावत होत्या, आणि सटवाजी गवंड्यांना घेऊन परांचीवर एकेक हत्यार बांधून पाहत होता.

तेव्हा कळलं की यातही शिकण्यासारखं बरंच आहे. छिन्नी आणि थापी कंबरेला बांधली की चालत होती, पण जड हातोडा कंबरेला बांधला तर तो पडताना माणसालाच हिसका देत होता. म्हणून मोठे हातोडे परांचीच्या खांबाला बांधायचं ठरलं. दोर लांब ठेवला तर सुटलेलं हत्यार झोका घेऊन शेजाऱ्याच्या गुडघ्यावर आदळायचं, म्हणून हात पोचेल एवढाच ठेवायचा. गुळगुळीत दांड्यावरून फास सरकायचा, म्हणून केरूनं दांड्यांना भोकं पाडली आणि दोर त्यांतून ओवला. फळ्यांच्या कडांना बांबूची आडवी पट्टी ठोकली, म्हणजे दगडाचे तुकडेही घरंगळून खाली जाणार नाहीत. गोजानं एकच अट घातली. रोज सकाळी प्रत्येक गाठ ती स्वतः ओढून बघणार, आणि झिजलेला दोर दिसला की तो तिथंच चुलीत घालणार. पुन्हा कोणी कामचलाऊ म्हणून उचलायला नको.

काम परत सुरू व्हायच्या दिवशी सगळे गवंडी परांचीवर चढले. सटवाजी चढला नाही. त्यानं फेटा घट्ट बांधला, पाटी उचलली आणि तो शिडीवरून खाली उतरू लागला, तळाकडे.

"दादा!" केरू वरून ओरडला. "तुम्ही खाली कुठं चाललात?"

"खोदणाऱ्यांत एक माणूस कमी आहे. हातोडा धरायला माझा हात नाही उरला. पाटी भरायला पुरेल."

"पण तुम्ही खाली, आणि आम्ही तुमच्या डोक्यावर? असं कसं?"

सटवाजी शिडीवर थांबला आणि वर पाहून म्हणाला, "आजवर धुळोबा होता ना तुझ्या पायाखाली? तेव्हा तुला काही वाटलं नाही, मलाही नाही. आता वाटतंय, ते लक्षात ठेव. खाली मी असो की आणखी कोणी असो, गाठ तेवढीच घट्ट बांध."

तो तळाशी उतरला. तिथून त्यानं वर पाहिलं. जन्मभर त्यानं बारवेत वरून खाली पाहिलं होतं, आणि वरून खालची माणसं नेहमी लहान दिसायची. आज खालून त्याला फक्त फळ्यांच्या खालच्या बाजू दिसल्या, फटींतून हलणारे पाय दिसले, आणि हत्यारांची टोकं. धुळोबा इतकी वर्षं या जागी उभा राहून हसत होता, याचं त्याला नवल वाटलं. मग तो वाकला आणि पाटी भरू लागला.

पावसाच्या आधी, एका भर दुपारी, खडकाच्या एका भेगेतून पाणी आलं. आधी नुसती ओल, मग बारीक धार, मग खळखळ करत पायांभोवती जमणारं गार पाणी. खालची माणसं ओरडू लागली, नाचू लागली. सटवाजी ओंजळ भरून पाणी प्याला आणि भिजल्या हातांनी त्यानं डोळे पुसले. वर काठावर बायका गोळा झाल्या. पाटलांनी ढोल आणवला. धुळोबाला आधार देऊन काठापर्यंत आणलं गेलं. हात गळ्यात अडकवलेला तो माणूस वाकून वाकून खाली पाहत होता आणि विचारत होता, "गोड आहे का रे? गोड आहे का?"

संध्याकाळी सटवाजी हातपाय धुऊन बसला असताना केरू त्याच्याजवळ आला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"दादा, तुम्हाला एक सांगायचंय. आज माझा हातोडा सुटला."

सटवाजीनं झटकन मान वर केली. "कधी?"

"दुपारी. पाणी लागलं म्हणून ओरडा झाला, मी दचकलो, मूठ सैल झाली. तुम्ही बरोबर खाली होतात, ओंजळीनं पाणी पीत होतात."

"मग?"

"मग काही नाही. दोरावर लटकला. मी वर ओढून घेतला."

सटवाजी त्याच्याकडे पाहत राहिला. त्याला त्या वेळेचं काही आठवेना. कसला आवाज आला नव्हता, कोणी ओरडलं नव्हतं, खाली कोणी वर मान करून पाहिलंही नव्हतं. तो फक्त पाणी प्याला होता. त्यानं केरूच्या खांद्यावर हात ठेवला. रागावला नाही, आणि माती वाहायलाही सांगितलं नाही.

"सांगितलंस ते बरं केलंस," तो म्हणाला. "उद्यापासून ज्याच्या हातून सुटेल त्यानं असंच येऊन सांगायचं. लाजायचं नाही."

मग तो उठून धुळोबाच्या घरी गेला आणि गोजाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. गोजा चुलीपुढे बसली होती. तिनं ऐकून घेतलं. नंतर तिनं एवढंच विचारलं, "हिसका बसला असेल. दोर कुठं झिजला नाही ना? सकाळी बघते मी."

आणि तिनं त्याच्यापुढे पाट मांडला. "बसा दादा. भाकरी खाऊन जा."

तात्पर्य लहानांनी ऐकावं आणि मोठ्यांनी पाळावं असं आहे: आपला हात कितीही तयार असला तरी त्याच्या अभिमानावर खालच्या माणसाचा जीव टांगू नये. हत्यार बांधून ठेवण्यात कसली लाज नाही, आणि चांगल्या गाठीनं जे वाचवलं ते खालच्या माणसाला कधी कळतही नाही.